किळस माझी, शिक्का त्याच्यावर



आज लोणच्याची कृती नाही आणि व्रताची माहितीही नाही. आज मला भांडायचं आहे.

भांडण एका शब्दाशी आहे, आणि "शब्दच तो, त्याला काय एवढं" असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांशी आहे. शब्द जपानी आहे: किमोई. घरात जपानी ॲनिमे बघणारं पोर असेल तर तो तुमच्या कानावरून गेला असेल. 'शी, किळसवाणं!' असा त्याचा अर्थ. जपानमध्ये तो शाळकरी मुलांच्या तोंडी रुळलेला आहे, आणि मालिका बघून बघून आपल्याकडच्या पोरांच्या तोंडीही येऊन बसला आहे. झुरळाला किमोई म्हणा, चार दिवसांच्या शिळ्या भाताला म्हणा, माझी काही तक्रार नाही. पण हा शब्द झुरळावर थांबत नाही. तो वर्गातल्या एखाद्या मुलाला जाऊन चिकटतो, आणि मग सुटता सुटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. किळस असते बघणाऱ्याच्या पोटात. हे शब्द ती तिथून उचलतात आणि समोरच्याच्या अंगाला चिकटवतात. आपल्याला मळमळतं आणि शिक्षा त्याला होते. जगातल्या सगळ्याच भाषांत हे चालतं, पण जपानी भाषेत ते इतकं स्वच्छ दिसतं की तिथूनच सांगितलेलं बरं.

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. सुट्टीत आली की मावशीपुढे वही उघडून बसते. तिने मला या शब्दाची फोड करून दाखवली. 'किमोची' म्हणजे मनाला किंवा शरीराला जे वाटतं ते. 'वारुई' म्हणजे वाईट. किमोची वारुई: मला बरं वाटत नाही, कसंतरी होतंय, मळमळतंय. बस लागली, पोट ढवळलं, की जपानी माणूस आजही हेच म्हणतो. आणि हेच शब्द किळसवाण्या गोष्टीलाही लावतात. म्हणजे बोलणारा स्वतःबद्दल बोलतोय की समोरच्याबद्दल, हे प्रसंगावरून ठरतं. १९९७ साली आलेल्या 'द एंड ऑफ इव्हँजेलियन' या गाजलेल्या ॲनिमेपटाचा शेवटचा उद्गार हाच आहे. ती मुलगी स्वतःला मळमळतंय म्हणते, की समोरच्या मुलाची किळस येते म्हणते, यावर चाहते आजही वाद घालतात. मूळ शब्दात दोन्ही अर्थांना जागा आहे, म्हणून तर वाद होतो.

आता या 'किमोची वारुई'चं आखडून किमोई झालं. हे आखडलेलं रूप १९९०च्या दशकात तरुणांमध्ये देशभर पसरलं. पण आखडताना फक्त अक्षरं गळली नाहीत. बस लागलेला माणूस सहसा स्वतःला 'किमोई' होतंय असं म्हणत नाही. किमोई असतो तो समोरचा. 'मला वाटतंय' हा अर्थ गळून गेला आणि 'तू आहेस' एवढाच उरला. घाईत तर शेवटचा 'ई'सुद्धा गळतो. नुसतं 'किमो!' म्हणतात, थुंकल्यासारखं.

असे आणखी शब्द आहेत. किशोई हा ओसाकाकडचा, 'किशोकु वारुई'वरून आलेला, अर्थ तोच. गुरोई हा इंग्रजी 'ग्रोटेस्क'चा तुकडा तोडून त्याला जपानी शेपूट लावून केलेला, रक्तामांसाचं बघवत नाही असं काही दिसलं की वापरतात. मुकात्सुकु म्हणजे मुळात पोटात ढवळणं. आता त्याचा अर्थ 'हा माणूस डोक्यात जातो'. उझाई हा तोक्योच्या पश्चिमेकडच्या तामा भागातल्या बोलीतून वर आलेला, नकोसा, कटकटा माणूस असं सांगणारा. आणि दोनबिकी: एखाद्याचं बोलणं-वागणं बघून सगळ्यांनी एकदम मागे सरकणं. शब्द वेगवेगळे, पण बरेचसे पोटापासून किंवा अंग आकसण्यापासून निघतात आणि दुसऱ्या माणसावर जाऊन पडतात.

आपण मराठीत काय वेगळं करतो? 'मला किळस येते' या वाक्यात कर्ती किळस आहे, ती माझ्याकडे येते, तिची जबाबदारी माझी. 'तो किळसवाणा आहे' म्हटलं की मी वाक्यातून नाहीशी. आता फक्त तो आहे आणि त्याचा दोष. आजकाल मुलं 'क्रिंज' म्हणतात. मूळ इंग्रजीत ते क्रियापद, स्वतः अंग चोरून घेणं. आता 'तो किती क्रिंज आहे' असं म्हणतात. अंग चोरलं आपण, नाव पडलं त्याचं.

"पण मुलं एकमेकांना रागाने काय काय बोलतात, मग हाच शब्द का?" असं मला एका पालकाने विचारलं. कारण राग आणि किळस यांत मोठा फरक आहे. राग म्हणतो, तू खोटं बोललास, तू माझं पेन चोरलंस. रागाला कारण असतं. कारण असलं की उत्तर देता येतं, भांडता येतं, माफी मागता येते, पेन परत करता येतं. संध्याकाळी दोघं पुन्हा खेळतात. किळस काय म्हणते? तू आहेस, हेच मला सहन होत नाही. यावर त्या मुलाने काय करावं? माफी कशाची मागावी? चेहरा कुठे नेऊन ठेवावा?

जपानीत यासाठी एक वाक्प्रयोगच तयार झाला आहे: सेइरितेकी नी मुरी. 'सेइरितेकी' म्हणजे शरीरधर्माने, 'मुरी' म्हणजे अशक्य. तो माणूस मला शरीरानेच सोसवत नाही, असा भाव. ऐकायला अगदी वैद्यकीय वाटतं, जणू शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आणि ॲलर्जीशी कुणी वाद घालत नाही. म्हणूनच हा प्रयोग इतका सोयीचा आहे. कारण द्यावं लागत नाही, न्याय करावा लागत नाही, मनाला प्रश्न विचारावा लागत नाही. शरीराने निकाल दिला, खटला संपला. मैत्रिणींनो, माणसाबद्दलचा जो निकाल कारण न देता लागतो, त्याला मी निकाल म्हणायला तयार नाही.

आणि एक विसंगती बघा. आपली पोरं हा शब्द ज्या ॲनिमेवरून शिकतात, त्याच ॲनिमेच्या वेड्या चाहत्यांना जपानमध्ये 'किमोओता' म्हणून हिणवलं गेलं: किमोई ओताकू, म्हणजे किळसवाणा नादिष्ट. जो शब्द आपलं पोर कौतुकाने उचलतं, त्या शब्दाचं एक ठरलेलं लक्ष्य त्याच्यासारखंच पोर होतं.

आता शाळेत येऊ. जपानीत रोगजंतूला बाइकिन म्हणतात. छोट्यांच्या 'अनपानमान' मालिकेतल्या खलनायकाचं नावच बाइकिनमान आहे, इतका तो शब्द घरगुती. त्यातला 'किन' म्हणजे जंतू. वर्गात एखाद्याला वाळीत टाकायचं ठरलं की त्याच्या आडनावाला हा 'किन' जोडतात. मग त्याचा हात लागला की 'जंतू लागला', तो पुढच्याला लावायचा, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. आपल्याकडच्या विष-अमृतासारखाच शिवाशिवीचा खेळ. पण विष-अमृतात राज्य फिरतं; आज माझ्यावर, उद्या तुझ्यावर. या खेळात जंतू फिरतो आणि ज्याच्या नावाचा जंतू आहे तो मात्र तिथेच उभा राहतो, रोज.

यापासून बचाव करायची खूणही आहे, जुनी: एनगाचो. बोटं एका ठरावीक तऱ्हेने जुळवायची आणि कुणीतरी ती तोडून संबंध तोडायचा. २००१ सालच्या हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' चित्रपटात चिहिरो एका ओंगळ काळ्या किड्यावर पाय देते, तेव्हा बॉयलरवाला म्हातारा कामाजी तिच्याकडून हेच करवून घेतो. किड्यापुरतं ते गोड आहे. वर्गात तीच खूण एका मुलाकडे बघून होते, तेव्हा तिच्यात गोड काही नाही.

२०११च्या मार्चमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांची दुर्घटना झाली आणि हजारो कुटुंबं घरदार सोडून दुसरीकडे गेली. त्यांतला एक लहान मुलगा योकोहामाच्या शाळेत दाखल झाला. तिथे त्याच्या नावाला 'किन' जोडला गेला. त्याच्याकडून पैसेही उकळले गेले. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये त्याने लिहून ठेवलेलं जेव्हा लोकांसमोर आलं, तेव्हा सगळा देश हादरला. आपल्याला जंतूसारखं वागवलं जातं, ते किरणोत्सर्गामुळे, असं त्याला वाटत होतं आणि ते सतत सलत होतं. विचार करा. घर गेलेलं, गाव गेलेलं, आणि वर्गमित्रांच्या नजरेत तो स्वतःच प्रदूषण ठरलेला. किरणोत्सर्ग मोजायला यंत्र असतं. हा जंतू मोजायला यंत्र नव्हतं, कारण तो जंतू त्या मुलाच्या अंगावर नव्हताच.

जपानने यावर काही केलं नाही असं नाही. २०१३ साली तिथे शाळांतला छळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यातली छळाची व्याख्या मला फार मोलाची वाटते. करणाऱ्याचा हेतू काय होता यावर ती उभी नाही; ज्याच्यावर ते केलं गेलं त्या मुलाला यातना झाल्या का, यावर उभी आहे. इंटरनेटवरून केलेलं बोलणंही त्यात येतं. "आम्ही गंमत केली" हे उत्तर त्या व्याख्येपुढे टिकत नाही. आपल्या घरात कायदा लागत नाही, पण ही व्याख्या उसनी घ्यायला काय हरकत आहे?

इथे कुणी म्हणेल, हे सगळं आजच्या पोरांचं खूळ, शब्द येतात आणि जातात. नाही. शब्द नवे आहेत, जखम जुनी आहे.

जपानीत केगारे म्हणून कल्पना आहे. मृत्यू, रक्त, बाळंतपण यांनी येणारा विटाळ म्हणा. अंत्यविधीहून घरी आल्यावर अंगावर मीठ टाकून शुद्ध व्हायची रीत अनेक घरांत अजून आहे. आता या केगारेला बौद्ध धर्मातलं प्राणिहत्येचं पाप जोडलं गेलं, आणि जे लोक मेलेली गुरं ओढत, कातडं कमावत, त्यांच्यावर तो विटाळ कायमचा बसवला गेला. त्यांना 'एता' म्हणत. ज्या चिन्हांनी हा शब्द लिहीत त्यांचा अर्थच 'पुष्कळ मळ'. दुसऱ्या एका गटाला 'हिनिन' म्हणत, म्हणजे 'माणूस नव्हे'. तोकुगावांच्या राजवटीत, १६०३ ते १८६८ या काळात, ही उतरंड पक्की झाली. १८७१ साली सरकारने हुकूम काढून ही नावं रद्द केली. पण किळस हुकुमाने जात नाही. १९७५ साली उघडकीला आलं की या लोकांच्या वस्त्यांची नावं असलेल्या याद्या गुपचूप विकल्या जात होत्या आणि कंपन्या त्या विकत घेत होत्या, नोकरीला येणारा उमेदवार त्या वस्तीतला आहे का हे तपासायला. हुकुमाला शंभर वर्षं उलटल्यावरही! २०१६च्या डिसेंबरमध्ये संसदेला पुन्हा या भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला.

त्या लोकांनी स्वतः काय केलं तेही सांगते. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली, आणि पहिल्याच सभेत ठराव केला की आम्हाला या शब्दांनी जो हिणवेल त्याला जाब विचारू. पहिला हल्ला त्यांनी शब्दावर केला. "शब्दच तो" असं त्यांना वाटलं नाही, कारण त्या शब्दाखाली त्यांच्या पिढ्या गाडल्या गेल्या होत्या. पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ला, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायलं. दोन देश, दोन धर्म, पण आजार एकच: माणसाच्या स्पर्शाची किळस.

आता जरा सावरून बसा, कारण इथून पुढचं आपल्याबद्दल आहे.

जपानच्या त्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल, तर हिंसा नको हा विचार त्या अन्यायाच्या मुळाशी एक धागा होऊन बसला होता. प्राण्याला मारू नये, हे किती सुंदर तत्त्व. पण त्याची करुणा बाजूला पडली आणि शिसारी तेवढी उरली. मग ती शिसारी मेलेलं गुरू ओढणाऱ्या माणसावर जाऊन बसली. कातड्याच्या वस्तू सगळ्यांना हव्या होत्या. कातडं कमावणारा नको होता.

हा धोका आपल्याइतका कुणाला असेल? आपण अहिंसा घरात पाळतो, ताटात पाळतो. आपल्या मुलाने मांस खाऊ नये असं मलाही मनापासून वाटतं. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाने डबा उघडला आणि आपल्या पोराने नाक दाबून 'ईई, किमोई' केलं, तर त्यात अहिंसा कुठे आहे? अंड्यातल्या जिवाची दया येऊन ते नाक दाबलेलं नाही. आणि समोर एक जीव बसलेला आहे, पंचेंद्रिय, मन असलेला, ज्याच्या आईने सकाळी उठून तो डबा भरला. त्याला दुखावलं. ही हिंसा आपल्या हिशोबात कुठे धरायची? घर भाड्याने देताना 'त्यांच्या स्वयंपाकाचा वास सहन होत नाही' म्हणणारी मोठी माणसं तर हेच करतात, फक्त त्यांना जपानी येत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी हा आजार फार आधी ओळखला होता. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात नोकषाय सांगितले आहेत. हास्य, रती, अरती, शोक, भय यांच्या रांगेत जुगुप्सा बसलेली आहे. जुगुप्सा म्हणजे किळसच. म्हणजे किळस येणं हे आपल्या शुद्धतेचं प्रमाणपत्र नाही. ते मोहनीय कर्माचं काम आहे. ज्याला जास्त किळस येते तो जास्त धार्मिक, हा समज आपल्या बायकांमध्ये इतका पक्का बसलाय की विचारू नका.

आणि सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं तिसरं अंग कोणतं? निर्विचिकित्सा. ग्लानी न करणं, किळस न करणं. या अंगासाठी कथा सांगतात ती उद्दायन राजाची. एक देव परीक्षा घ्यायला रोगाने सडलेल्या मुनींचं रूप घेऊन आला. राजाने आहार दिला. मुनींना ओकारी झाली. सेवक नाक दाबून पळाले. राजा आणि राणी तिथेच थांबले. राणीच्या अंगावर ओकारी उडाली तरी त्यांनी मुनींचं अंग धुतलं. राजाच्या मनात काय आलं? माझ्याच हातून काहीतरी अपथ्य दिलं गेलं असेल. किळस समोरच्याच्या अंगावर टाकायची सगळी संधी असताना त्याने प्रश्न स्वतःला विचारला.

आता गंमत पाहा. 'स्पिरिटेड अवे'मध्येच दुसरा एक प्रसंग आहे. देवांच्या स्नानगृहात दुर्गंधीने भरलेला, चिखलाचा ढीग असावा तसा एक पाहुणा येतो. सगळे पळतात. अन्न नासतं. नवी आलेली चिहिरो नाक दाबते तर मालकीण युबाबा तिला दटावते, पाहुण्याचा अपमान होईल म्हणून. चिहिरो त्या चिखलात उतरते, त्याला अंघोळ घालते, त्याच्या अंगात रुतलेलं काहीतरी हाताला लागतं. ओढून काढलं तर सायकल, आणि तिच्यामागून माणसांनी टाकलेला सगळा कचरा. तो घाणेरडा पाहुणा म्हणजे एक नदीदेवता असते. घाण तिची नव्हती, आपली होती. म्हणजे त्याच जपानने हा शब्दही घडवला आणि त्याच्यावरचा उताराही. मुलांना ॲनिमेतून काही शिकायचंच असेल तर हे शिकू द्या.

अजून एक दाखला त्याच देशातला. जोदो शिन्शू हा तिथला फार मोठा बौद्ध पंथ. त्यांच्यात अंत्यविधीनंतर मीठ टाकत नाहीत. मृत्यू म्हणजे विटाळ नाही, मग आपल्या माणसाचा निरोप घेऊन आल्यावर शुद्धी कसली, असं त्यांचं म्हणणं. धर्म पाळणारी माणसंच धर्मातली किळस बाजूला काढू शकतात, हे त्यांनी दाखवलं.

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते येणार हे मला माहीत आहे.

पहिला: "आपल्याकडे अशुचि भावना सांगितली आहे की. शरीर अशुद्ध आहे असं चिंतन करायला शास्त्रच सांगतं." बरोबर. पण कोणाच्या शरीराचं? स्वतःच्या. बारा भावना स्वतःला जागं करण्यासाठी आहेत. शेजारणीच्या देहाची यादी करण्यासाठी नाहीत. दशलक्षण पर्वात आपण उत्तम शौच धर्म पाळतो, तोही लोभ धुवायचा धर्म आहे, फरशी धुवायचा नव्हे. आणि पाणी गाळून पितो ते किड्याची किळस येते म्हणून का? मग गाळण्यातले जीव हलक्या हाताने पुन्हा त्याच पाण्यात सोडायची, जिवाणीची रीत कशाला असती? किळस आली असती तर झटकून टाकले असते. आपल्या आज्या-पणज्यांना हा फरक पुस्तक न वाचता कळत होता.

दुसरा: "मैत्रिणी एकमेकींना लाडाने किमोई म्हणतात. किमोकावाई म्हणजे किळसवाणं पण गोड, असाही शब्द आहे." आहे. दोघी बरोबरीच्या असतील, दोघी हसत असतील, तर माझं काही म्हणणं नाही. पण एक हसते आणि दुसरी हसल्यासारखं करते, असंही होतं. तिथे आईने बघायचं असतं.

तिसरा आक्षेप मी हलका धरणार नाही. बाईला हे शब्द लागतात. गर्दीच्या गाडीत कुणी अंगचटीला येतो, नको असलेला माणूस मागे लागतो, तेव्हा तिला आतून जी शिसारी येते ती तिची राखण करते. जपानी मुलींना 'सेइरितेकी नी मुरी' म्हणून सुटका करून घेता येते, ती का काढून घ्यायची? मी काढून घेत नाही. शिसारी आली तर ती ऐकावी, तिथून निघून जावं, आरडाओरडा करावा. पण नकार द्यायला कारणाचीच गरज नाही, तर समोरच्याला किळसवाणं ठरवायची गरज कुठून आली? जपानीत 'इया' आहे: मला नको. 'यामेते' आहे: थांब. गाडीत छेड काढणाऱ्याला 'चिकान' म्हणतात, त्यात त्याचं कृत्य आहे. हे शब्द जास्त धारदार आहेत, कारण त्यात ती स्वतः उभी आहे. 'मला नको' हे पूर्ण वाक्य आहे. मुलींना ते मान वर करून म्हणायला शिकवू या.

चौथा: "किळस नैसर्गिक आहे, ती कशी थांबवणार?" थांबवू नका. नासलेलं दूध ओळखायला ती लागते. बीभत्स रसाचा स्थायीभावच जुगुप्सा आहे, नाटकालाही ती हवी. पण राग नैसर्गिक आहे म्हणून आपण मुलाला मारू देतो का? पोटात उठणं निसर्गाचं, तोंडातून काढणं आपलं.

आणि स्वच्छतेशी माझं भांडण आहे असं कुणी समजू नये. जपानमधल्या शाळांत मुलं स्वतः वर्ग झाडतात, पुसतात, कितीतरी ठिकाणी संडासही धुतात. जेवण वाढायची पाळीही मुलांचीच. हे मला अतिशय आवडतं. घाण हातात घेऊन साफ करणारं मूल आणि घाण बघून दुसऱ्याला नावं ठेवणारं मूल, यांतलं स्वच्छ कोण, हे सांगायला पंडित लागत नाही.

आता घरात काय करायचं? मी साधा नियम केला आहे, तो आमच्या पाठशाळेच्या मुलांनाही सांगते. किळस आली तर 'मला' लावून बोलायचं. 'मला हा वास सहन होत नाही.' 'मला कसंतरी होतंय.' वस्तूला काय म्हणायचं ते म्हणा. माणसाला किळसवाणा, घाणेरडा, ओंगळ, किमोई, क्रिंज यातलं काहीही म्हणायचं नाही, परक्या भाषेतही नाही. त्याने काही वाईट केलं असेल तर काय केलं ते सांगायचं. सांगता येत नसेल तर तक्रार नाही, असं समजायचं.

सुरुवातीला मुलं हसतात. "मावशी, 'मला' लावलं की मजाच जाते," असं एक पोरगी मला म्हणाली. अगदी खरं बोलली ती. 'मला' लावलं की चिडवण्यातली मजा जाते, कारण मग सगळ्यांची नजर चिडवणाऱ्याकडे वळते. तेवढंच मला हवं आहे.

तुमच्या घरी डबा, वास, रंग, कपडे, जात, गाव यांवरून कुणाला 'ईई' झालं असेल, तर आज संध्याकाळी जेवायच्या आधी, सूर्य मावळायच्या आत, पाच मिनिटं मुलांजवळ बसा. उद्दायनाची गोष्ट सांगा. सांगताना ओकारीचा भाग गाळू नका. मुलं 'शी!' म्हणतील. म्हणू द्या. मग विचारा: राजाला शी वाटली नसेल का? वाटली असेल. मग त्याने काय केलं?

जय जिनेंद्र.